बीसीडीची दुरुस्ती: आधी गळती शोधा, मग पाना उचला

डाइव्ह सेंटरच्या इक्विपमेंट रूममध्ये काम करताना बीसीडीच्या, म्हणजे हवा कमी-जास्त करून पाण्यात हवं तितकं वर-खाली राहायला डायव्हर घालतो त्या जॅकेटच्या, तक्रारी मुख्यतः दोनच ऐकू येतात: हवा टिकत नाही, किंवा बटण न दाबताच जॅकेट भरत राहतं. दुसरी तक्रार आली की ते जॅकेट लगेच बाजूला काढायचं. पाण्याखाली जॅकेट आपोआप फुगलं तर डायव्हर सुसाट वर येतो, आणि अशा वेळी श्वास रोखला तर फुप्फुसांना इजा होते.

नवखा माणूस अशा वेळी थेट इन्फ्लेटर, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायची-सोडायची बटणं असलेला भाग, खोलायला बसतो. मी आधी सिलिंडरकडून इन्फ्लेटरला हवा आणणारी होज (नळी) लावून सिलिंडर उघडायला सांगतो. जॅकेट हळूहळू भरायला लागलं की होज काढायची. भरणं तिथेच थांबलं आणि फुगलेलं जॅकेट तसंच घट्ट राहिलं, तर जॅकेटची हवेची पिशवी ठीक आहे. दोष इन्फ्लेटरच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा बटणात आहे. होज काढलेली असतानाही जॅकेट मऊ पडत गेलं तर हवा दुसरीकडून जातेय. मग पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं ते पाण्यात दाबायचं, किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. गळती बारीक असेल तर जॅकेट रात्रभर फुगवून ठेवलं की सकाळी उत्तर मिळतं.

एक मात्र सांगतो. पार्ट खराब झालाय असं वाटतं, पण बऱ्याचदा आत फक्त मीठ साचलेलं असतं. जॅकेट बाहेरून धुतलं तरी आत शिरलेलं खारं पाणी सुकून त्याचे खडे होतात आणि बटण अडकतं. म्हणून डिफ्लेट (हवा सोडायचं) बटण दाबून धरायचं, इन्फ्लेटरच्या माउथपीसमधून (तोंडाने हवा भरायच्या तोंडातून) गोडं पाणी आत सोडायचं, जॅकेट हलवायचं आणि ते पाणी इन्फ्लेटरमधून आणि प्रत्येक डंप व्हॉल्व्हमधून (जॅकेटमधली हवा झटकन सोडायच्या झडपेतून) काढायचं. अडकलेलं बटण कोमट पाण्यात भिजवून पुन्हापुन्हा दाबलं की बहुतेकदा मोकळं होतं. सुकवताना थोडी हवा भरून सावलीत टांगा. स्विमिंग पूलचं पाणी गोडं असतं म्हणून धुण्याचा कंटाळा करू नका, क्लोरीनही रबराला आणि कापडाला खातं.

डंप व्हॉल्व्ह शिकायला सगळ्यात सोपा. झाकण हाताने फिरवून उघडतं, आत स्प्रिंग आणि रबरी सील असतं. सीलखाली वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी हवा जाते. पुसून जागेवर बसवा. झाकण लावताना आधी उलटं फिरवा, आटे जुळले की खाली बसल्याचं बोटांना जाणवतं, मगच आवळा, आणि तेही फक्त हाताने. हे न करता जोर लावला तर प्लॅस्टिकचे आटे जातात, मग अख्खा पार्ट बदलावा लागतो.

ओ-रिंग (सांधा हवाबंद ठेवणारी गोल रबरी कडी) काढायला लोखंडी सुई नको, खाचेवर ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. प्लॅस्टिकचं किंवा पितळेचं टोक वापरा. जुनी रिंग चपटी झालीय का, चीर आहे का ते बघा. नवी रिंग कंपनीने सांगितलेल्या मापाचीच हवी, डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन रिंगांच्या जाडीत फरक असतो. ग्रीस सिलिकॉनचं, फक्त चकाकी येईल इतकंच. थर दिला की त्याला वाळू चिकटते. व्हॅसलिनसारखे पेट्रोलियमचे पदार्थ तर लावूच नका, त्यांनी काही प्रकारचं रबर फुगतं.

इन्फ्लेटरला जॅकेटशी जोडणारी नालीदार होज घड्या ताणून तपासा, चिरा घड्यांच्या खोबणीत लपतात. ती काढायची तर जुना केबल टाय कापा आणि टोक गरम पाण्यात धरा, म्हणजे सैल होऊन निघतं. नवा टाय खाचेतच बसला पाहिजे, आणि उरलेलं टोक अगदी सपाट कापा. तिरकं राहिलं तर डायव्हरच्या बोटांना कापतं.

कुठे थांबायचं हेही ठरवून ठेवा. काही इन्फ्लेटरमध्येच पर्यायी रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देणारं यंत्र) बसवलेला असतो. त्यातून कुणीतरी श्वास घेणार असतो, त्यामुळे तो त्या कंपनीचं प्रशिक्षण घेतलेल्या टेक्निशियनकडेच जातो. फर्स्ट स्टेजचंही, म्हणजे सिलिंडरवर बसून हवेचा दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरच्या भागाचंही, तसंच. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा इक्विपमेंट स्पेशालिस्ट कोर्स उपयोगी आहे, पण तो केल्याने कुणी टेक्निशियन होत नाही. ती पात्रता कंपन्यांच्या वेगळ्या प्रशिक्षणातून मिळते. रेग्युलेटरमधून इन्फ्लेटरकडे साधारण ९ ते १० बार दाबाची हवा येते. त्यामुळे कोणताही पार्ट बदलल्यावर होज लावून, इन्फ्लेटर पाण्यात बुडवून, दोन्ही बटणं अनेकदा दाबून-सोडून बघितल्याशिवाय जॅकेट रॅकवर परत लावू नका.