घरच्या डीव्हीडीवर ५.१ आवाज, तोही फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये

सोसायटीच्या गणपतीत बसवलेलं नाटक किंवा घरची गाण्याची बैठक डीव्हीडीवर ठेवायची असेल तर आवाज ५.१ मध्ये (पुढे डावा-उजवा, मधला म्हणजे सेंटर, मागे दोन आणि खालच्या आवाजाचा सबवूफर, असे सहा चॅनल) करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. डीव्हीडीला लागतो डॉल्बी डिजिटल म्हणजेच एसी-३ हा ऑडिओ फॉरमॅट, त्याची पेटंटं २०१७ मध्ये संपली आणि एफएफएमपेग हे ऑडिओ-व्हिडिओ बदलणारं सॉफ्टवेअर तो फुकटात बनवतं. ऑडासिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर टाका, त्याला एफएफएमपेगची लायब्ररी जोडा, बास.

खरी मेहनत रेकॉर्डिंगची. एक स्टिरिओ रेकॉर्डर स्टेजसमोर, दुसरा हॉलच्या मागे, टाळ्या-हशा पकडायला. दोन्ही चालू केले की स्टेजवरून एक जोरात टाळी वाजवायची, शेवटी परत एकदा. ऑडासिटीत या टाळ्यांची टोकं जुळवा, शेवटची जुळत नसेल तर दोन रेकॉर्डरची घड्याळं थोडी पुढेमागे चालतात म्हणून, मग मागच्या ट्रॅकचा स्पीड किंचित बदला. जुळलं की मागचे दोन्ही ट्रॅक मुद्दाम २० मिलिसेकंद उशिरा सरकवा आणि आवाज थोडा कमी ठेवा, कारण आधी जिकडून ऐकू येतं तिकडेच कान वळतो आणि नट स्टेजवरच वाटले पाहिजेत.

प्रोजेक्ट रेट ४८००० हर्ट्झच ठेवा, डीव्हीडीला ४४१०० चालत नाही. स्टिरिओ ट्रॅक फोडून मोनो करा. सेंटरला संवादांचा वेगळा माइक असेल तर तो द्या, नसेल तर तिथे आणि सबवूफरच्या ट्रॅकवर सरळ शांतता भरा. पुढचाच आवाज सगळीकडे कॉपी करणारे खूप आहेत, पण त्याने सगळा गोंगाट होतो. बेसची काळजी नको, सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ ठेवले की रिसीव्हर (होम थिएटरचा अॅम्प्लिफायर) खालचा आवाज स्वतःच सबवूफरला पाठवतो.

एक्सपोर्ट करताना कस्टम मॅपिंगमध्ये सहा चॅनल निवडा. क्रमात घोळ होतो, एसी-३ चा आतला क्रम आणि वेव्ह (डब्ल्यूएव्ही) फाइलचा क्रम वेगळा असतो, म्हणून आधी प्रत्येक ट्रॅकवर स्वतःच्या आवाजात ‘पुढचा डावा’, ‘मधला’, ‘मागचा उजवा’ असं बोलून छोटी फाइल बनवा आणि होम थिएटरवर ऐका. कोणता आवाज कुठून येतो ते लगेच कळतं, मॅपिंग तसं बदला.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, ४४८ केबीपीएस. डीव्हीडीची मर्यादाच ती, ६४० ब्लू-रेला. दोन तासांचा आवाज साधारण ४०० एमबीत बसतो, म्हणजे ४.७ जीबीच्या डिस्कवर व्हिडिओला भरपूर जागा उरते.

आता डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर, डीव्हीडीस्टायलर. व्हिडिओसोबत ही फाइल जोडली की ऑडिओचा पर्याय ‘कॉपी’ करा, नाहीतर तो परत एन्कोड करून स्टिरिओ करू शकतो आणि सगळी मेहनत वाया. पहिली कॉपी पुन्हा पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवरच बर्न करा. प्लेअरवर मागचे स्पीकर गप्प असतील तर डिस्कला दोष देण्याआधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट ‘पीसीएम’ वर आहे का बघा, ते ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘रॉ’ हवं, आणि रिसीव्हरला ऑप्टिकल, कोअॅक्सियल किंवा एचडीएमआय वायर लावलेली हवी, लाल-पांढऱ्या वायरीतून फक्त दोनच चॅनल जातात.