गंजून बसलेले नट-बोल्ट: जुनी सायकल खोलताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी पट्ट्यात, पडवीला वीस वर्षे टांगून ठेवलेली सायकल आणि अथणीच्या कोरड्या हवेत गोठ्याच्या भिंतीला तितकीच वर्षे टेकून राहिलेली सायकल यांची दुखणी सारखी नसतात. दुसरीच्या आट्यांमध्ये बहुधा वाळलेले ग्रीस आणि धूळ असते व ती डिझेलने धुतली की बरीचशी मोकळी होते. पहिलीच्या आट्यांमध्ये मात्र गंज असतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे नट आणि बोल्ट यांच्यामधली बारीक फट तो ठासून भरतो. अशा ठिकाणी लांब पाना लावून नुसता जोर केला, तर आटे सुटण्याआधी बोल्टच तुटतो.

हत्यार उचलण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट वाचवण्याजोगा आहे का, हे ठरवावे. मडगार्डचे, कॅरिअरचे आणि स्टँडचे नट कोणत्याही सायकल दुकानात मिळतात, त्यामुळे ते हॅक्सॉने कापावेत आणि पुढे जावे. धीर राखून ठेवावा तो सीट पाइप, हँडलचा दांडा, क्रँकचे (पेडल ज्याला बसवतात त्या दांड्याचे) कॉटर, म्हणजे क्रँक आसावर पक्का धरणाऱ्या पाचरीसारख्या पिना, आणि बॉटम ब्रॅकेटच्या (तो आस ज्या नळीत फिरतो तिच्या) बेअरिंगच्या वाट्या यांच्यासाठी, कारण तेथे चूक झाली तर नुकसान फ्रेमचे होते.

दुसरी गोष्ट फिरवण्याच्या दिशेची. उजव्या पेडलचे आटे नेहमीचे असतात, डाव्या पेडलचे उलटे. पाना पेडलच्या आसाला, क्रँकला लागून लावून पान्याची मूठ वर धरावी आणि मागच्या चाकाकडे ओढावी, म्हणजे दोन्ही बाजूंची पेडले सुटतात. बॉटम ब्रॅकेटची चेनकडची वाटीही आपल्याकडच्या जुन्या, इंग्रजी धाटणीच्या सायकलींत उलट्या आट्यांची असते आणि ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. हे ठाऊक नसताना प्रस्तुत लेखकाने एका डाव्या पेडलवर अर्धा दिवस घालवला होता आणि ते सोडवण्याऐवजी अधिकच आवळून ठेवले होते.

आता तेल. बाहेर दिसणाऱ्या आट्यांवरचा गंज आधी तारेच्या ब्रशने खरवडावा, नाहीतर तेल त्या थरातच जिरते. बाजारात गंज सोडवणारे तेल फवाऱ्याच्या डब्यात मिळते. घरी करायचे असल्यास ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळतात. ॲसिटोन रंग खाते आणि चटकन पेट घेते, म्हणून जुना रंग राखायचा असेल तर ते टाळावे. तेल सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा असे दोन-तीन दिवस घालावे आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. ठोक्यांनी गंजाच्या थराला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत शिरते, म्हणून केवळ तेल ओतून वाट पाहण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते.

त्यानंतर सहा कोनांचा, नेमक्या मापाचा रिंग पाना लावावा. जुन्या सायकलींचे नट पुष्कळदा इंची मापाचे असतात आणि मिलिमीटरचा पाना त्यांवर किंचित सैल बसून कोपरे गोल करतो. पहिला प्रयत्न आवळण्याच्या दिशेने, अगदी थोडा करावा. नट केसभर हलला की उलट फिरवावा, पुन्हा किंचित आवळावा, तेल घालावे. असे मागे-पुढे करत गंजाची पूड बाहेर येऊ द्यावी. एका दमात काढायला गेल्यास तीच पूड पुढच्या आट्यात अडकते.

तेलाने काम झाले नाही तर उष्णता. तेल पुसून, टायर, सीट आणि प्लास्टिकचे भाग काढून, उघड्या जागेत ब्लोलँपची ज्योत नटावर धरावी, बोल्टवर नव्हे, म्हणजे नट प्रसरण पावून पकड ढिली होते. फ्रेमचे सांधे पितळेने जोडलेले असतात, म्हणून त्यांच्याजवळ लोखंड लाल होईपर्यंत तापवू नये. तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते. ही युक्ती साधी वाटली तरी खरोखर चालते.

कॉटरला वेगळी वागणूक लागते. नट पूर्ण काढू नये. पिनचे टोक नटाच्या पातळीत येईपर्यंत तो सैल करावा, म्हणजे ठोक्याने आटे चेपत नाहीत. क्रँकखाली जाड पाइप उभा करून जमिनीचा आधार द्यावा आणि जड हातोड्याने एकच नेमका घाव घालावा. आधाराशिवाय घातलेले दहा घाव बेअरिंगच्या वाट्या खराब करतात. हँडलच्या दांड्याचा वरचा बोल्ट चार-पाच फेरे सैल करून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोकला की आतली पाचर खाली पडते. सीट पाइप अडकला असेल तर सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूनेही तेल सोडावे. नंतर पाइप व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पकडून फ्रेम फिरवावी, कारण फ्रेमची लांबी हाच तेथे तरफेचा दांडा होतो.

बोल्ट तुटलाच आणि थोडे टोक वर राहिले असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्यावे. पकडायला नवे डोके मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही ढिला होतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये हे थोड्या वेळात होते, आणि घरी ड्रिलने बोल्टचा मध्य चुकवून फ्रेमचे आटे घालवण्यापेक्षा तेथवर जाणे केव्हाही परवडते.

पुन्हा जोडताना सर्व आट्यांना आणि सीट पाइपला ग्रीस लावावे. दोन्ही कॉटर परस्परविरुद्ध दिशांनी घालावेत. एकाचा नट वर असेल तर दुसऱ्याचा खाली यावा, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पेडल मारताना एक पाय सतत पुढे राहतो.