हेल्मेट घेताना डोक्यात घालून बघा, नुसतं हातात धरून नको

आधी टेप घ्या, भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर मोजा, माझा ५८ सेंमी येतो पण त्यावरून फक्त सुरुवात करायची कारण प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा असतो. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, नवीन फोम महिनाभरात बसतो, त्यामुळे दुकानातच सैल वाटलं तर ते घेऊच नका. पण कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर आकारच जुळत नाहीये, दहा मिनिटं घालून बसा म्हणजे कळेल.

मग पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच, आणि मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढा. निघालं तर परत ठेवून द्या, पडल्यावर पण ते असंच निघणार.

आयएसआय मार्क आणि त्यासोबत आयएस ४१५१, म्हणजे दुचाकीच्या हेल्मेटच्या भारतीय मानकाचा नंबर, हे बघाच, जून २०२१ पासून सक्तीचं आहे. रस्त्याकडेचं टोपीसारखं हेल्मेट पोलिसांपुरतं असतं हो, आत धक्का झेलणारा थर्माकोलचा थरच नसतो. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला, आतला थर एकदा दबला की परत फुगत नाही.