वॉरंटीतल्या गाडीची देखभाल स्वतः करताना

मालकाने आपल्याच गाडीला पाना लावू नये, अशी तजवीज कंपन्या तीन मार्गांनी करतात: वॉरंटीच्या अटी, सुट्या भागांची मर्यादित विक्री आणि गाडीच्या संगणकाला घातलेले कुलूप. यांपैकी लोक सर्वांत जास्त घाबरतात ते वॉरंटीला, आणि माझ्या मते तीच अट सर्वांत कच्ची आहे. मात्र तिला तोंड देताना हत्यारांच्या पेटीपेक्षा कागदांची फाइल अधिक कामी येते.

सुरुवात गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेपासून करावी. टायरमधील हवा, वायपरची पाती, बल्ब, फ्यूज अशी जी कामे कंपनीनेच मालकासाठी लिहून दिलेली असतात, ती केल्याबद्दल तिला तक्रार करता येत नाही. केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत आत येणारी हवा गाळणारी जाळी, बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. जुना काढताना त्यावरील बाणाची दिशा पाहून ठेवावी आणि नवा त्याच दिशेने बसवावा. पुण्यात कोणता ना कोणता रस्ता खोदलेला असतोच, त्यामुळे हा फिल्टर वेळापत्रकाच्या आधीच काळवंडतो. इंजिन ऑइल बदलण्यासारखी ठरलेली सर्व्हिस मात्र वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत केंद्रातच करून घ्यावी, कारण तिची नोंद कंपनीच्या दप्तरात राहते आणि पुढचा वाद टळतो.

या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश माहीत असावा. आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे सांगितले. प्रकरण पुढे अपिलांत गेले, त्यामुळे काउंटरवर हा आदेश नाचवून काही साधेल असे नाही. पण आपण कोणता प्रश्न विचारायचा, हे त्यातून नेमके कळते.

सुटे भाग पुण्यातल्या नाना पेठेतील दुकानांतून घ्यायला हरकत नाही. कंपनीला माल पुरवणारा कारखाना पुष्कळदा तोच फिल्टर स्वतःच्या नावाच्या खोक्यात विकतो. जुन्या भागावरचा पार्ट नंबर ताडून पाहावा, चिठ्ठीवर भागवू न देता पक्के बिल मागावे, आणि खोके, नवा भाग व त्या दिवशीचे किलोमीटर यांचे फोटो काढून ठेवावेत. माझ्या गाडीच्या ब्लोअरची, म्हणजे केबिनमध्ये हवा फेकणाऱ्या पंख्याची, मोटर वॉरंटीत बंद पडली, तेव्हा एका सर्व्हिस सेंटरने ‘फिल्टर बाहेरचा आहे’ म्हणून हात वर केले होते. बिल व फोटो पुढे ठेवून, फिल्टरमुळे मोटर कशी जळली तेवढे जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून द्या, असे म्हटल्यावर मोटर बदलून मिळाली.

संगणकाच्या कुलपापुढे मात्र अशी हुज्जत चालत नाही. स्टीअरिंगखालील १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचा संगणक तपासण्याच्या जोडणीला) साधा स्कॅनर जोडला की ‘पी०’ने सुरू होणारे, सर्व कंपन्यांना सामाईक असलेले बिघाडाचे कोड वाचता येतात, ‘पी१’ने सुरू होणाऱ्या कोडांचे अर्थ कंपनीनुसार बदलतात. इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड टिपून घ्यावा, पण गाडी दाखवण्यापूर्वी तो पुसू नये, कारण बिघाडाच्या क्षणीची नोंदही त्याबरोबर जाते आणि मग बिघाड सिद्ध करणे आपल्याच गळ्यात पडते. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागील ब्रेक पॅड बदलण्याआधी ब्रेकची मोटर सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे पकड सोडलेल्या स्थितीत, न्यावी लागते. तसे न करता पॅड दाबणारा पिस्टन जोर लावून मागे ढकलल्यास ती निकामी होऊ शकते. एअरबॅगच्या पिवळ्या आणि विजेवरील गाडीच्या नारिंगी वायरांना हात लावू नये. हॉर्न किंवा जादा दिव्यांसाठी मूळ वायर कापणे म्हणजे वॉरंटी नाकारायला आयते कारण देणे होय.

तरीही नकार मिळाल्यास, कोणत्या कलमानुसार आणि कोणत्या कामामुळे नुकसान झाले, याचे लेखी उत्तर मागावे. त्यानंतर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल पाठवावा आणि मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. तक्रारीला जॉबकार्ड, लेखी नकार, बिले आणि फोटो जोडावेत. दुकानाचे बिल थर्मल कागदावरचे असेल तर त्याची शाई उडून जाते, म्हणून घरी परततानाच त्याची झेरॉक्स काढून घ्यावी.