पूलचा पहिला खासगी तास: काय विचारावं, काय शिकावं

"पूल शिकायला चाललो," असं मी घरी सांगितलं, तर आईनं विचारलं, "कोणता, सदरचा?" नागपुरात पूल म्हटलं की उड्डाणपूलच आठवतो. इथे विषय आहे तो पूल या खेळाचा: सहा पॉकेटचं (बॉल पडायच्या भोकांचं) टेबल, क्यू म्हणजे मारायची काठी, आणि सोळा बॉल.

सरांकडे एकट्यानं शिकलेल्या त्या पहिल्या तासाआधी मी चार वर्षं खेळत होतो. मित्रांसोबत, संध्याकाळी, हरेल त्यानं टेबलचे पैसे द्यायचे या बोलीवर. त्या चार वर्षांत सुधारलो फारसा नाही, उलट चुका पक्क्या झाल्या. कारण साधं आहे: वाकून निशाणा धरला की आपली नजर बॉलवर असते, आपला हात, कोपर, खांदा आपल्याला दिसतच नाही. खासगी तासाचे पैसे द्यायचे ते या दुसऱ्या डोळ्यांसाठी. ट्रिक शॉट मोबाईलवर फुकटात बघायला मिळतात.

माणूस कसा शोधायचा

आपल्या भागातल्या दोन-तीन पूल पार्लरमध्ये जाऊन मार्करला विचारा. टेबल लावणारा, स्कोअर ठेवणारा हा माणूस दिवसभर सगळ्यांचा खेळ बघत असतो. राज्य पातळीवर कोण खेळतं, कोण शिकवतं आणि कोण नुसतं बोलतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडे शिकवणारे बहुतेक जण मूळचे स्नूकरवाले. त्यात बिघडत काही नाही. स्नूकरचं टेबल बारा फुटी, बॉल 52.5 मिलिमीटरचा आणि पॉकेट अरुंद. तिथे सरळ मारायला शिकलेल्या माणसाला पूलचा 57 मिलिमीटरचा बॉल शिकवणं जड जात नाही. आणि स्नूकर काही परक्या मुलखातून आलेला नाही. 1875 साली तो जन्मला जबलपूरच्या छावणीत, म्हणजे आपल्याकडून सकाळी सिवनीमार्गे गाडी काढली तर दुपारी पोहोचता येईल अशा गावात.

पैसे ठरवताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: टेबलचं भाडं फीमध्ये धरलंय की वेगळं? पहिल्याच दिवशी दहा तासांचं पॅकेज घेऊ नका. एक तास घ्या, शिकवणं पटलं तर पुढचं बोला. माणूस उत्तम खेळतो म्हणजे उत्तम शिकवतोच असं नाही. तुमच्या हातून क्यू घेऊन तोच अर्धा तास बॉल पॉकेटमध्ये टाकत बसला, तर तो तास त्याच्या सरावाचा झाला.

वेळ सकाळची किंवा भर दुपारची घ्या. मे महिन्यात दुपारी दोनला पार्लरमध्ये चिटपाखरू नसतं, टेबल मोकळं आणि एसी आपल्या एकट्याचा. उन्हाळ्यात टेबलावरचं कापड कोरडं असल्यानं बॉल सुसाट पळतो. पावसाळ्यात ओल धरली की तोच बॉल जड होतो. सरांना हे विचारून ठेवा, म्हणजे जुलैत तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देणार नाही.

पायात बूट हवेत, चप्पल नको. बोटातली अंगठी, मनगटातलं कडं काढून ठेवा. सैल बाही किंवा ओढणी सावरून घ्या. कपडा बॉलला लागला तरी फाउल धरला जातो.

तास सुरू होताना

सरांना आधीच सांगा: "मला मॅच खेळायची नाही. आधी माझे दहा सरळ शॉट बघा आणि सगळ्यात मोठी एक चूक सांगा." एकच. पाच चुका एकदम ऐकल्या की माणूस लाकडासारखा उभा राहतो आणि होता तो खेळही जातो.

माझे सर तीन शॉट बघून म्हणाले, "भाऊ, डोकं काऊन उचलता? बॉल पळून नाही चालला ना बाप्पा!" मी बॉल पॉकेटमध्ये पडतो की नाही हे बघायला क्यू लागताक्षणी उठत होतो. डोकं उठलं की खांदा उठतो, खांद्यामागे क्यू वळतो. उपाय एवढाच की शॉट झाल्यावर मनात तीन आकडे मोजायचे आणि मग उठायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण डोकं उचलायची सवय मोडायला मला दीड महिना लागला.

आता उभं राहणं. आधी टेबलाच्या मागे सरळ उभं राहून शॉटची रेष डोळ्यांनी ठरवा, मग त्या रेषेत उतरा. खाली वाकल्यावर रेष शोधत राहणं ही सगळ्यांची सवय, आणि ती वाईट. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा उजवा पाय साधारण रेषेवर, डावा थोडा पुढे आणि बाजूला. सरांना हलकेच खांद्याला धक्का द्यायला सांगा. तोल गेला तर पाय चुकलेत.

पकडीबद्दल खूप लिहिलं जातं. संक्रांतीला पतंग उडवताना चक्री धरणाऱ्या पोराला आपण ओरडतो ना, "सैल धर, सैल!", तेच इथे. मूठ आवळली की क्यू टोकाशी वर उडतो. क्यू बॉलला लागतो त्या क्षणी मागच्या हाताचा कोपरापासून खालचा भाग सरळ खाली लोंबता हवा, आणि हलायचा तोही तेवढाच, दंड स्थिर. हे स्वतःला कधीच कळत नाही. बाजूनं मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या, शक्य तर समोरूनही, टेबलाच्या पातळीवरून.

पुढच्या हाताचा ब्रिज, म्हणजे आपला हातपूल, पांढऱ्या बॉलपासून (क्यूनं मारायचा तो हाच) वीस-पंचवीस सेंटीमीटर मागे. तळवा टेबलावर पक्का, अंगठा वर उचललेला, क्यू त्याच्या खाचेत. बोटाची कडी करून क्यू आत घेण्याची पद्धत दिसायला रुबाबदार आहे, पण पहिल्या महिन्यात तिच्या नादी लागू नका. चॉक, म्हणजे क्यूच्या टोकाला (टिपला) लावायचा खडू, प्रत्येक शॉटआधी, हलक्या हातानं पुसल्यासारखा लावायचा. ड्रिल मशीनसारखा चॉक गरगर फिरवला की मध्ये खड्डा पडतो आणि टिपच्या कडा कोरड्याच राहतात.

पाव, अर्धा, पाऊण

निशाण्यासाठी आपली भाषाच कामी येते. पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला किती झाकून लागतो, यावर तो बॉल किती कोनात कटतो ते ठरतं. पाऊण लागला तर साधारण 14 अंश, अर्धा लागला तर 30, पाव लागला तर 49 च्या आसपास. अर्ध्याची खूण सगळ्यात सोपी: क्यूची रेष समोरच्या बॉलच्या बरोबर कडेवर जाते. पहिल्या तासात हा अर्धा बॉल घोटून घ्या. दुसरा कोणताही कोन मग "अर्ध्यापेक्षा थोडा जाड" किंवा "थोडा पातळ" असा ओळखता येतो.

कोन डोक्यात बसत नसेल तर सरांना एक बॉल निशाण्याच्या बॉलला चिकटवून, पॉकेटच्या रेषेत मागे ठेवायला सांगा. पांढऱ्यानं जाऊन पोहोचायची जागा ती. नीट बघून घ्या, मग तो बॉल उचलायचा आणि रिकाम्या जागेवर मारायचं.

शेवटची पंधरा मिनिटं सरळ शॉटच्या तीन प्रकारांना द्या: पांढरा जागीच थांबला पाहिजे, पुढे गेला पाहिजे, मागे आला पाहिजे. पुढे न्यायला मधल्याच्या थोडं वर मारायचं, मागे आणायला, म्हणजे स्क्रूला, खाली. थांबवणं यात सगळ्यात शिकवणारं. दोन्ही बॉल जवळ असतील तर बरोबर मध्ये मारला की पांढरा थांबतो. अंतर वाढलं की मात्र कापडाच्या घर्षणानं त्याला वाटेतच पुढची फिरकी चढते, म्हणून तितकं खाली मारावं लागतं. किती खाली, हे टेबलागणिक बदलतं. तिथे सरांचा हात बघा.

ब्रेक (डाव फोडायचा पहिला शॉट), साइड (पांढऱ्याला मधल्याच्या डावीकडे-उजवीकडे मारून दिलेली फिरकी), बँक शॉट (काठावर आपटून मारलेला बॉल) यांना पहिल्या तासात हात लावू नका. साइड लावला की पांढरा आपल्या रेषेतून थोडा सरकतो, आणि चूक निशाण्याची होती की साइडची, हे सरांनाही सांगता येत नाही.

घरी आल्यावर

निघण्यापूर्वी सरांकडून एकच सराव मागून घ्या आणि तो वहीत लिहा. मला मिळाला तो असा: पांढरा बॉल टेबलाच्या मधल्या लांब रेषेवर ठेवायचा, समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) सरळ मारायचा, तो परत येऊन क्यूच्या टिपलाच लागला पाहिजे. क्यू तिथेच धरून ठेवायचा. वीसदा मारायचं, किती लागले ते लिहायचं. पहिल्या दिवशी माझे तीन लागले. आधी बॉल हळू सोडून टेबल उतरतं आहे का बघा. आमच्या एका जुन्या अड्ड्यावर टेबलाचा कल इतका होता की मी तीन आठवडे विनाकारण स्वतःला दुरुस्त करत होतो.

घरी टेबल नसेल तर डायनिंग टेबलवर रिकामी काचेची बाटली आडवी ठेवा आणि तिच्या तोंडात क्यू काचेला न लागता आत-बाहेर करा. क्यू नसेल तर बाटलीच्या तोंडात सैल जाईल असा बारीक, सरळ दांडा चालतो. रोज दहा मिनिटं. आई पहिल्या दिवशी बघून काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, "हे शिकवायचे पैसे घेतले का त्यानं?"

पुढचा तास तीन आठवड्यांनी घ्या, वहीतले आकडे सोबत न्या. वीसपैकी बारा लागत असतील तर साइडबद्दल विचारायला हरकत नाही.