पॉइंट टू टू: खारीला पुरेशी, घरराखणीला कामचलाऊ

अमेरिकेत पहिली रायफल कुठली घ्यावी असं विचारलं की जाणकार बहुधा .२२ लाँग रायफल या काडतुसाचं नाव घेतात. सल्ला चांगला आहे. पण ही रायफल कुठवर पुरते आणि कुठे कमी पडते, हे नीट कळलं तरच त्याचा उपयोग.

खरेदीआधी कागद तपासा. एच-वन-बी किंवा एफ-वनसारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला मुख्य अपवाद. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि कपाटातली रायफल गुन्हा ठरते. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी लागू नाही, राज्याचे नियम मात्र वेगळे पाहावे लागतात. शिकारीच्या परवान्याआधी बहुतेक राज्यांत सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. (भारतात हा प्रश्नच उरत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली. तिथे हे काडतूस भेटतं ते रेंजवर. स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, ते याच काडतुसावर.)

काडतूस १८८७ सालचं. ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला १,०७० ते १,२५० फूट वेगाने सुटते. ठिणगी देणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं, म्हणून याला रिमफायर म्हणतात. .२२३ रेमिंग्टन या दुसऱ्या, जोरदार काडतुसाशी गल्लत करू नका. त्याची गोळी जवळपास तेवढ्याच जाडीची, पण ५५ ग्रेनची आणि वेग ३,२०० फुटांच्या आसपास. ऊर्जा नऊपटीहून जास्त. कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यासाठी ती ठीक. खारीवर मारली तर हाती मांस उरणार नाही.

रायफल बोल्टची (दर गोळीनंतर हाताने दांडा ओढून भरायची) घ्यावी की अर्धस्वयंचलित (पुढची गोळी आपोआप भरणारी)? शिकायला बोल्ट. मंद-वेगवान कुठलंही .२२ लाँग रायफल काडतूस पचवते आणि प्रत्येक गोळीमागे हात थांबतो, त्यामुळे नेमाची सवय लागते. रुगर १०/२२ सारखी अर्धस्वयंचलित रायफल स्वस्त आणि टिकाऊ, पण मंद काडतुसांत बोल्ट पुरता मागे ढकलण्याइतका जोर नसेल तर रिकामी पुंगळी अडकते. दुर्बीण रिमफायरसाठीचीच घ्या. तिचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलल्यावर नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष, ५० यार्डांवर जुळवलेला असतो. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणीत तो १०० किंवा १५० यार्डांवर असतो. मग ३० यार्डांवर डोळा जरा हलला की नेमही हलतो आणि दोष रायफलीला जातो.

काडतुसं एकदम पेटीभर घेऊ नका. चार-पाच प्रकारांचे ५०-५० चे डबे आणा. प्रत्येक नळीला आपापलं काडतूस मानवतं, आणि महाग तेच मानवेल असं नाही. एक गोष्ट उलटी वाटेल: आडव्या वाऱ्यात वेगवान गोळी मंद गोळीपेक्षा जास्त वाहवत जाते, कारण ध्वनीच्या वेगाच्या पट्ट्यात तिला हवेचा अडथळा जास्त होतो. झुळूक असेल त्या दिवशी मंद काडतूस बरं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालत नाही, बिनशिशाचं .२२ महाग पडतं आणि अनेक नळ्यांतून त्याच्या गोळ्या विखुरतातही.

आता नेम जुळवणं. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून रायफलीचा पुढचा लाकडी भाग त्यावर टेका, नळी टेकू नका. आधी २५ यार्ड. पाच गोळ्या मारा आणि त्यांच्या झुपक्याचा मध्य पाहा. एका गोळीवरून दुर्बीण फिरवत बसलात तर डबा संपेल आणि नेम लागणार नाही. दुर्बिणीवर पाव एमओए (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) लिहिलं असेल तर एक टिचकी १०० यार्डांवर पाव इंच, ५० वर अष्टमांश इंच. म्हणजे ५० यार्डांवर एक इंच सरकवायला ८ टिचक्या, २५ वर १६. पंचविसावर मध्य साधला की ५० वर जा आणि तिथे पक्कं करा. वेगवान गोळी मग १०० यार्डांवर सुमारे ६ इंच खाली बसते, ७५ वर दोनेक इंच. २५ यार्डांवर फरक इतका थोडा की खारीच्या डोक्यासाठी तो विसरला तरी चालतो.

त्याच रेंजवर आपला पल्ला ठरवा. एक इंचाचं वर्तुळ काढा आणि बसून, झाडाला टेकून, म्हणजे जंगलात मारणार तसे पाच गोळ्या मारा. पाचही आत बसतात ते अंतर तुमचं. बहुतेकांचं ते ३०-४० यार्ड निघतं. त्यापलीकडच्या खारीला जाऊ द्या. धड मोठं दिसतं म्हणून तिथे मारू नये. जखमी खार ढोलीत शिरली की ती ना तुमची ना कुणाची.

शरद ऋतूत हिकरी आणि पांढऱ्या ओकखाली कुरतडलेली टरफलं शोधा. पहाटे झाडाला पाठ टेकून १५-२० मिनिटं निश्चल बसा. तुमच्या पावलांनी गप्प झालेलं रान तेवढ्यात पुन्हा बोलू लागतं. पेनसिल्वेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी अंगावर लागतं. आणि सर्वांत महत्त्वाचं: शेंड्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या खारीवर चाप ओढायचा नाही. चुकलेली गोळी दीड मैल जाऊ शकते. खार बुंध्याला किंवा जाड फांदीला चिकटेपर्यंत थांबा. पाणी, गोठलेली जमीन, दगड यांवरून शिशाची गोळी उसळून भलतीकडे जाते, तेव्हा सपाट पाण्याच्या दिशेने नेम नकोच.

ससा सोलताना रबरी हातमोजे घाला. तुलारेमिया हा जिवाणूंचा आजार सशांतून माणसाला होतो. काळजावर, म्हणजे यकृतावर, पांढरे ठिपके दिसले तर तो ससा खाऊ नका. मांस आत ७४ अंश सेल्सिअस होईपर्यंत शिजवा. खारीचं कातडं अंग गरम असतानाच सहज निघतं, थंड झाल्यावर झटापट करावी लागते. हरणासाठी मात्र बहुतेक राज्यांत रिमफायर चालत नाही, आणि चालू नयेच.

स्वसंरक्षण. एफबीआयच्या चाचणीत मांसासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरकाव अपेक्षित असतो. रायफलीतून सुटलेली ४० ग्रेनची भरीव गोळी १२ इंच बऱ्याचदा गाठते, पण भोक पेन्सिलीएवढं. चालून येणारा माणूस लगेच थांबेल याची खात्री नाही. शिवाय रिमफायर काडतूस सेंटरफायरपेक्षा (ज्यात ठिणगीचं रसायन बुडाच्या मध्यात असतं) जास्त वेळा फुसकं निघतं. मग घ्यावी कुणी? ज्याच्या खांद्याला किंवा मनगटाला मोठी बंदूक सोसत नाही आणि जो हिच्याने दहापैकी दहा गोळ्या जागी बसवतो, त्याने. एवढ्या लहान गोळीलाही घरातल्या जिप्समच्या भिंती अडवत नाहीत, त्यामुळे पलीकडे कोण झोपतं ते आधी पाहून ठेवा. दार लावून ९११ ला फोन हीच पहिली पायरी. रायफल कुलूपबंद पेटीत, आणि मुलं असतील तर काडतुसं वेगळ्या कुलपात.

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा. दारू उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी मारूच नका. रायफल रिकामी करून नळीत गज घालून पाहा, आत शिसं अडकलेलं असू शकतं. काडतुसं अडकणं वाढलं तर आधी चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं तो भाग, पुसा; गोळीवरचं मेण आणि काजळी तिथेच साचते. नळी वारंवार घासू नका. घासल्यावर नेम परत ठिकाणावर यायला १५-२० गोळ्या जातात, म्हणून सफाई शिकारीच्या आदल्या रात्री करू नये.