देशी झाडं जपताय? या चुका टाळा

सोसायटीतलं जुनं झाड मेलं की मी आधी विचारतो, सुशोभीकरण कधी झालं होतं? उत्तर बहुधा लगेच मिळतं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पानं झडली की झाड वाळलं असं ठरवून मोकळं होणं. शेजारच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात एक पांगारा आहे. थंडीत तो बोडका झाला आणि ‘गाड्यांवर पडेल’ म्हणून सभेत ठराव झाला, तोडायचा अर्जही गेला. मी सेक्रेटरींना म्हटलं, ‘काका, एक बारीक फांदी नखानं खरवडून बघा.’ सालीखाली ओलसर हिरवं होतं. तरी त्यांचं एकच, ‘अहो, पण एक पान नाहीये त्याला!’ नशिबानं पाहणी लांबली. फेब्रुवारी सरता सरता लालभडक तुरे आले, सकाळपासून साळुंक्या-बुलबुलांची भांडणं सुरू झाली आणि अर्ज गुपचूप मागे घेतला गेला. पांगारा, पळस, काटेसावर बोडक्या फांद्यांवरच फुलतात. बारमाही हिरवळीची सवय लागलेल्यांना हे पटत नाही. मी तर चांगला पाऊस होऊन गेल्याशिवाय कुठल्याच पानगळीच्या झाडाला मेलेलं म्हणत नाही. एखादी फांदी खरंच वाळली असेल तर तेवढीच काढावी.

दुसरी चूक, बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवणं. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दोन फूट मातीत असतात आणि त्यांना हवाही लागते. झाड लगेच मरत नाही, म्हणून ठेकेदाराचं फावतं. आधी शेंडा वाळतो, मग एखाद्या वळवाच्या पावसात झाड आडवं होतं आणि सगळे म्हणतात, ‘जुनंच झालं होतं.’ निदान मीटरभर माती उघडी ठेवा. आधीच काँक्रीट असेल तर ब्रेकर लावू नका, छिन्नी-हातोडीनं बेताबेतानं फोडा. वर पालापाचोळा पसरा, फक्त बुंध्याला टेकवू नका. पाला जाळणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, सरळ पोती उचलून आणतो.

पार बांधून बुंध्यावर माती चढवणं? साल कुजते.

लायटिंगच्या तारा आणि जुने ट्री गार्ड वेळेत काढा. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली उतरतं. तार रुतली की मुळं उपाशी.

पावसाळ्याआधी एकाच बाजूच्या फांद्या उतरवू नका, तोल जातो. शिवाय महाराष्ट्राच्या शहरी भागात 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. त्यात झाड जाळणं किंवा इजा करणं हेही तोडण्यातच धरलंय. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्यापुढची झाडं ‘हेरिटेज’ ठरली. ‘थोडंसंच छाटलं’ ही सबब देण्याआधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या.

आता उतावळ्यांविषयी. पाऊस पडो न पडो, 5 जूनला पर्यावरण दिन म्हणून खड्डा, फोटो आणि भराभर वाढतं म्हणून ग्लिरिसिडिया नाहीतर रेनट्री. दोन्ही परदेशी. आणि कुंपणालगत आपसूक उगवलेलं करंजाचं रोप मात्र ग्रासकटरखाली जातं! मग तेच नर्सरीतून विकत आणायचं. अशा रोपाशेजारी काठी रोवून लाल चिंधी बांधा आणि माळीदादांना सोबत नेऊन दाखवा. नुसती चिंधी दिसली तर ते कचरा समजून काढून टाकतात.